रथ पाहिला, रथकार कोठें आहे?

आमचे एक सांगलीचे स्नेही आहेत. मोटारींच्या वेडापायीं त्यांनीं जितकी पायपीट केली आहे, तितकी एखाद्या वारकऱ्यानेंही केली नसेल. मध्यंतरीं जुन्या मोटारींचें एक प्रदर्शन पाहून ते परतले, आणि वाटेंत साताऱ्यास उतरून आमच्या ओसरीवर त्यांनीं दोन तास त्याचेंच आख्यान लावलें. संस्थानिकांच्या गाड्या झाल्या, त्यांचे दिवे झाले, भोंगे झाले. आणि अखेरीस ते आपल्या लाडक्या विषयावर आले. यंत्र अमेरिकेचें, बांधणी इटलीची, आणि संख्या अगदीं थोडी, अशा ज्या कांहीं गाड्या जगांत होऊन गेल्या, त्यांचें वर्णन करतांना त्यांचा कंठ दाटून आला. मग एक दीर्घ सुस्कारा टाकून ते म्हणाले, “अहो, कुठें ती तूरीनची कारागिरी आणि कुठें आपण! असली एक तरी गाडी आपल्या सातारा-सांगलीच्या माणसानें बांधली असती का? आपला तो पिंडच नव्हे.”

त्या वेळीं समोरचा चहा निवत होता, आणि दारीं आलेल्या पाहुण्याशीं वाद घालणें प्रशस्त नव्हतें, म्हणून आम्हीं उत्तर दिलें नाहीं. तें आज देत आहों. कारण हें वाक्य एकट्या आमच्या स्नेह्यांचें नाहीं. आमचा सुशिक्षित समाज तें कोणत्या ना कोणत्या रूपानें नेहमीं उच्चारीत असतो, आणि त्यानें कोणाचें काय नुकसान होतें याचा हिशेब करण्याची तसदी घेत नाहीं.

आमच्या स्नेह्यांनीं सांगितलेल्या हकिकती खऱ्या आहेत. त्यांवरून काढलेला निष्कर्ष मात्र साफ खोटा आहे. प्रथम हकिकती पाहूं.

मोटारगाडी ही मुळांत एक वस्तु नव्हे, दोन आहेत. खालीं सांगाडा, ज्याला आमचे कारागीर चासी म्हणतात. त्यांत यंत्र, आंख, चाकें आणि कमानपाटे. त्यावर बसते ती बॉडी: दारें, छप्पर, बैठका आणि जें पाहून माणूस मान वळवितो तें सारें रूप. मोटारींच्या आरंभींच्या काळांत श्रीमंत गिऱ्हाईक चासी एकाकडून विकत घेई आणि बॉडी दुसऱ्याकडून बांधून घेई. अमेरिकेंतील ड्यूसेनबर्ग कंपनीनें १९२८ सालीं आपली ‘जे’ ही गाडी पुढें आणली, तेव्हां नुसत्या चासीची किंमत साडेआठ हजार डॉलर होती. बॉडीचे पैसे निराळे. असे सांगाडे एकंदर पांचशेंच्या आंतच झाले. त्यांपैकीं एक इंदूरच्या यशवंतराव होळकरांनीं घेतला, आणि १९३५ च्या सुमारास लंडनच्या गर्नी नटिंग यांजकडून त्यावर दोन माणसांपुरती बॉडी बांधविली. धनी मराठी, यंत्र अमेरिकन, बांधणी इंग्रज. परदेशचे जाणकार त्या गाडीविषयीं बोलतांना होळकरांबरोबर गर्नी नटिंगचेंही नांव त्याच दमांत घेतात. आम्हांस होळकर पुरे होतात.

पुढें पोलादी पत्रा प्रचंड दाबयंत्रांखालीं साच्यांत दाबून बॉडी करण्याची रीत सर्वत्र रूढ झाली. एका साच्यांतून लाखों दारें निघूं लागलीं, आणि तीं सगळीं तंतोतंत सारखीं. हातानें बॉडी बांधणारीं अमेरिकन घराणीं एकामागून एक बंद पडलीं. आणि मग एक मौज झाली. ज्या डेट्रॉइटनें हाताला घरीं बसविलें, त्याच डेट्रॉइटला हाताचें दार ठोठवावें लागलें! क्राय्सलर कंपनीचा रचनाकार व्हर्जिल एक्स्नर याच्या कल्पनेंतील ‘के-३१०’ ही गाडी १९५१ सालीं प्रत्यक्षांत उतरली ती तूरीनच्या गिया यांच्या कारखान्यांत. त्याच कारखान्यानें बांधलेली ‘नॉर्समन’ ही एकुलती एक गाडी १९५६ च्या जुलैंत अमेरिकेस जात असतां ‘आंद्रेआ दोरिया’ या जहाजाबरोबर अटलांटिकच्या तळाशीं गेली. तरीही क्राय्सलरनें हाय खाल्ली नाहीं. १९५७ ते १९६५ या काळांत तिच्या इंपीरियल लिमोझीन गाड्या अर्ध्यामुर्ध्या स्थितींत समुद्र ओलांडून तूरीनला जात. तेथें त्या कापून, लांबवून, हातानें पुनः घडवून माघारीं पाठविल्या जात. अशा गाड्या सर्व मिळून १३२ झाल्या. कॅडिलॅकनें १९५९ आणि १९६० या दोन सालीं आपली ‘एल्डोरॅडो ब्रोहॅम’ पिनिनफारिना यांजकडून बांधून घेतली; पहिल्या सालीं ९९, दुसऱ्या सालीं १०१. पुढें १९८७ पासून त्याच कंपनीच्या ‘ॲलांटे’ गाडीच्या बॉड्या तर तूरीनहून विमानांत घालून डेट्रॉइटला नेत असत.

येथवर ऐकून आमच्या स्नेह्यांचे डोळे भरून येतात आणि मिटतात. ते त्यांनीं उघडे ठेवावे, आणि तीन गोष्टींकडे नीट पाहावें, एवढीच आमची विनंती आहे.

पहिली गोष्ट अशी कीं, या गाड्यांचीं चित्रें बहुतांशीं अमेरिकेंत काढलेलीं होतीं. गियाच्या माणसांनीं तीं पत्र्यांत उतरविलीं. म्हणून त्यांना नक्कल करणारे असें कोणीं हिणविलें नाहीं. उलट कागदावरची रेषा पत्र्यावर वळवितांना जें शहाणपण लागतें, त्याच्या पाठीं एक्स्नरसारखा मनुष्य वर्षानुवर्षे लागला, आणि त्या सहवासांत त्याच्या स्वतःच्या रेषेलाही इटालियन वळण लागलें. दुसऱ्याच्या आराखड्यावर काम करणारा हात क्षुद्र असता, तर ही गोष्ट घडतीना.

दुसरी गोष्ट हिशेबाची आहे. क्राय्सलर तूरीनला गेली ती केवळ सौंदर्यभक्तीनें नव्हे. साचे करण्यास अतोनात पैसा लागतो. तो लाखों गाड्यांवर वांटला तर परवडतो, पंचवीस-तीस गाड्यांवर वांटला तर दिवाळें निघतें. जेथें संख्या थोडी आणि गरज विशेष, तेथें दाबयंत्र महाग आणि हात स्वस्त. हें तत्त्व चैनीच्या गाडीला लागू आहे तसेंच गरिबाच्या गाडीलाही लागू आहे. त्याकडे आम्ही पुढें वळूं.

तिसरी गोष्ट नांवाची. बातिस्ता फारिना हा तूरीनच्या शेडींत हातोडी धरून वाढलेला मनुष्य. लहानखुरा म्हणून घरांत त्याला ‘पिनिन’ म्हणत. त्या लाडक्या नांवानें त्यानें कारखाना काढला, आणि त्याचा लौकिक इतका वाढला कीं, १९६१ सालीं इटलीच्या राष्ट्राध्यक्षांच्या हुकुमानें त्याच्या कुळाचें आडनांवच ‘पिनिनफारिना’ असें झालें. ज्या देशांत बॉडी बांधणाराचें टोपणनांव राष्ट्राध्यक्ष सहीनिशीं मान्य करितो, त्या देशांत बॉड्या चांगल्या निपजतात यांत नवल तें काय? इटालियन भाषेंत अशा कारखान्यास ‘कारोत्सेरिया’ म्हणतात. हा शब्द घोडागाडीच्या नांवावरूनच आला आहे. म्हणजे तूरीनचा तो जगद्विख्यात कलावंत वंशानें गाडी घडविणारा सुतार-लोहारच होय. आमच्या पेठेंतला सुतार-लोहार दुसरा कोण आहे?

आणि ‘पिंडच नव्हे’ म्हणतां? श्रौत ग्रंथांत ऋतूंप्रमाणें अग्न्याधानाचे अधिकारी सांगतांना पावसाळा रथकारास दिलेला आहे. रथ घडविणाराला यज्ञाच्या अग्नीपाशीं जागा देणारी ही भूमि. पण पुढें मीमांसकांनीं खल करून असा निर्णय दिला कीं, येथें ‘रथकार’ म्हणजे रथ करणारा असा अर्थ घ्यावयाचा नाहीं, तें एका विशिष्ट जातीचें रूढ नांव समजावयाचें. शास्त्रार्थ म्हणून तो बिनतोड असेल. परंतु रथ ज्यानें केला त्याला बाजूस सारून शब्द तेवढा जपून ठेवण्याची आमची खोड किती जुनी आहे, याचा तो उत्तम दाखला आहे.

ही खोड आजही जशीच्या तशी आहे. गणेशचतुर्थीच्या दुसऱ्या दिवशीं तासगांवीं गणपतीचा रथ निघतो. हजारों माणसें दोर धरून तो ओढतात. पुसेगांवीं सेवागिरी महाराजांच्या यात्रेंत रथ नोटांच्या माळांनीं झांकून जातो. भक्तीविषयीं आम्हांस आदरच आहे. पण एवढ्या गर्दींत ‘या रथाचीं चाकें कोणीं बसविलीं, याचा कणा कोण दुरुस्त करितो’ असें विचारणारा एक तरी मनुष्य आमच्या स्नेह्यांनीं पाहिला आहे काय? बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवितांना ज्यानें पाहिलें असेल, त्याला ती कारागिरी काय आहे हें सांगावयास नको. धाव तापवून लाल करावयाची, लाकडी चाकावर बसवावयाची आणि त्याच क्षणीं पाणी ओतून आवळावयाची. जरा उशीर झाला तर लाकूड जळतें. माप चुकलें तर आरे सैल राहतात. त्या मापाचें पुस्तक नाहीं. तें लोहाराच्या डोळ्यांत असतें.

आतां मुख्य उत्तर. आमचे स्नेही विचारतात, मराठी माणसानें हातची बॉडी कधीं बांधली आहे का? अहो महाराज, आपण तिच्यांतच बसून साताऱ्यास आलांत! १ जून १९४८ रोजीं पुणें-अहमदनगर मार्गावर एस.टी.ची पहिली गाडी धांवली. तेव्हांपासूनच्या वाटचालींत महामंडळानें कारखानदारांकडून चासी विकत घेतल्या, आणि दापोडी, चिकलठाणा व हिंगणा येथील स्वतःच्या कार्यशाळांत आपल्याच माणसांकडून त्यांवर हजारों बॉड्या बांधविल्या. चासी एकाची, बॉडी दुसऱ्याची: ड्यूसेनबर्गची आणि लाल गाडीची कुळकथा एकच आहे. फरक इतकाच कीं, एकींत एक राजा बसला आणि दुसरींत सगळा महाराष्ट्र बसला. पहिलीचा बांधणारा आपणांस ठाऊक आहे. दुसरीच्या एका तरी कारागिराचें नांव सांगा पाहूं!

तीच गोष्ट आपल्या रस्त्याकडेच्या शेडींची. ट्रकची चासी उघडीबोडकी येते. चालकाला बसावयास फळी तेवढी असते. कांहीं आठवड्यांनीं तीच गाडी केबिन, हौदा आणि फाळका लेवून, अंगावर वेलबुट्टी काढून बाहेर पडते. कृष्णाकांठच्या साखर कारखान्यांकडे ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्या अशाच छपरांखालीं जन्मास येतात. कोणी म्हणेल, फाळक्यावर बांधणाराचें नांव रंगविलेलें असतें कीं. असतें! नांव लिहिणारा आहे, वाचणारा नाहीं. गाडीच्या मागें अडकून पडल्यावर आम्ही तेथील विनोदी ओळी वाचतों आणि हंसतों. त्यांच्या खालचें नांव आमच्या डोळ्यांना दिसत नाहीं.

आम्हांस कारागिराचें नांव घेतांच येत नाहीं असेंही नाहीं. मिरजेस जा. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यांनीं एकोणिसाव्या शतकांत तंबोरे आणि सतारी घडविण्यास आरंभ केला, आणि आज देशभरचे गवई ‘मिरजेचा तंबोरा’ असें नांव घेऊन तो मागतात. शिवाय तो कोणाच्या हातचा, हेंही विचारतात. भोपळा आणि लांकूड यांतून सूर काढणाराला आम्हीं मान दिला, आणि म्हणून ती विद्या पिढ्यान् पिढ्या टिकली. मग पत्रा आणि लोखंड यांतून रूप काढणारानेंच आमचा काय अपराध केला आहे?

अपराध असलाच तर आमच्या दृष्टीचा आहे. गाडी म्हटली कीं आम्हांस तिचा धनी दिसतो. दसऱ्याच्या सोहळ्यांत कोल्हापूरच्या छत्रपतींची मेबॅक गाडी निघते, तेव्हां ती पाहण्यास आम्हीही उभे राहिलों आहों, आणि आमचाही ऊर भरून आला आहे. पण संस्थानिकांचें मोठेपण मोजावयाचें तर मापें दुसरींही आहेत. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनीं आपल्या चिमुकल्या संस्थानांत काय केलें? १९१० सालीं लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडल स्टेशनाजवळचा ओसाड माळ दिला. त्यावर नांगरांचा कारखाना आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. त्या राजानें घडविणाराला जागा दिली. गाडी विकत घेणारे राजे पुष्कळ झाले; जागा देणारे किती झाले?

आणखी एक विचार आहे, आणि तो अधिक बोंचणारा आहे. अमेरिका आणि इटली यांची गांठ आमच्या महाराष्ट्रांतही पडली होती. सोलापुरांत जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि क्राय्सलरशीं करार करून कुर्ल्यास अमेरिकन गाड्या जुळविण्यास आरंभ केला. पुढें त्याच कारखान्यानें तूरीनच्या फियाटशीं संबंध जोडला. म्हणजे जे दोन प्रवाह एकत्र आल्यानें जगांत त्या दुर्मिळ गाड्या झाल्या, ते दोन्ही प्रवाह कुर्ल्याच्या एका आवारांत येऊन मिळाले होते! त्यांतून काय निघालें? १९६४ पासून फियाटची ‘११००-डी’ गाडी निघाली, ती पुढें ‘पद्मिनी’ झाली, आणि सुमारें पस्तीस वर्षे जवळजवळ त्याच रूपानें निघत राहिली. परवान्यांचें राज्य होतें, परकीय चलन नव्हतें, हें सारें आम्ही मान्य करितों. आणि त्या गाडीनें लक्षावधि कुटुंबांची सेवा केली, हेंही कृतज्ञतेनें सांगतों. परंतु एवढ्या काळांत त्या चासीवर आपली स्वतःची बॉडी चढवून नांव मिळविलेला एकही मराठी कारागीर आम्हांस आठवत नाहीं, कारण कोणीं तो शोधलाच नाहीं. २०२३ सालीं मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सीनें निरोप घेतला, तेव्हां आम्ही सर्वांनीं आंसवें ढाळलीं. आंसवें ढाळण्यांत आमचा हात धरणारा कोणी नाहीं.

आमच्यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाहीं. रस्त्याकडेला बांधलेल्या बॉड्या अपघातांत चेंदामेंदा होतात, आगींत पेटतात. म्हणूनच बसच्या बॉडीसाठीं सरकारनें नियमावली केली आणि बांधणारांना मान्यता घेणें भाग पाडलें. मग या शेडींचे गोडवे कशाला? आम्ही स्पष्ट सांगतों: नियमावली योग्य आहे. कारागिराच्या कौतुकापोटीं एकाही प्रवाशाचा जीव पणास लावण्यास आम्ही तयार नाहीं, आणि जी शेड नियम शिकणार नाहीं ती बंद पडली तरी आम्ही रडणार नाहीं. पण नियम शिकविण्यास तेथें गेलें कोण? नियम इंग्रजींत, तपासणी दूरच्या शहरीं, आणि ज्यानें तो पाळावयाचा त्याच्या हातीं कानस आणि हातोडी! सांगलीस १९४७ पासून अभियांत्रिकीचें महाविद्यालय आहे, आणि त्यास वालचंदांचेंच नांव आहे. कऱ्हाडास १९६० पासून सरकारी महाविद्यालय आहे. पत्र्याची जाडी, सांध्याचें बळ, आगीच्या वेळीं बाहेर पडण्याची वाट, हें सर्व मराठींत लिहून, चित्रें काढून शेडींत नेण्यास त्यांच्याहून योग्य कोण? आणि विद्यार्थ्यांनाही तेथें शिकण्यासारखें आहे. पत्रा कोणत्या ठोक्याला रुसतो हें फळ्यावर कळत नाहीं.

हें केलें नाहीं तर काय होईल, तेंही सांगतों. मघाशीं म्हटलें कीं, जेथें संख्या थोडी आणि गरज विशेष, तेथें हात स्वस्त पडतो. आमच्या मुलखाला अशा गाड्या हव्या आहेत. कोयनेच्या खोऱ्यांतल्या वळणांवर शिरेल एवढी आंखूड बस, जत-आटपाडीच्या वाड्यांवर जाणारा फिरता दवाखाना, गांवोगांव पुस्तकें नेणारी गाडी, ऊसतोड कामगाराच्या बैलांची मान सोलणार नाहीं अशी हलकी गाडी. यांपैकीं एकीसाठींही मोठा कारखानदार साचा करणार नाहीं, कारण त्याला लाखांचा खप पाहिजे. हें काम शेडीचेंच आहे. ज्या दिवशीं शेड मरेल, त्या दिवशीं आमच्या गरजा दुसऱ्याच्या साच्यांत कोंबाव्या लागतील. आणि मग त्या वळणावरच्या वाडींत बस येणार नाहीं. ही गोष्ट छांदिष्टांच्या करमणुकीची राहिली नाहीं, ती एवढ्यासाठीं.

आमचें मागणें फार नाहीं. जुन्या मोटारींचीं प्रदर्शनें भरविणारांनीं धन्याच्या नांवाखालीं बांधणाराचें नांव लिहावें. ज्यानें ती गाडी आज चालती ठेवली त्या डेंटरचें आणि मिस्त्रीचेंही लिहावें. एस.टी.नें आपल्या कार्यशाळेंतून निघणाऱ्या प्रत्येक बॉडीवर तें बांधणाऱ्या पथकाची पाटी लावावी. महाविद्यालयांनीं शेडींत जावें, आणि शेडवाल्यांनीं त्यांना बसावयास स्टूल द्यावें. आणि आम्हां लिहिणारांनीं, ज्यांनीं आजवर राजवाड्यांच्या पडव्यांतून हिंडून लेख लिहिले, त्यांनीं एखादा दिवस पत्र्याच्या छपराखालीं घालवावा.

आमच्या स्नेह्यांना आम्हीं पत्र टाकलें आहे. पुढच्या खेपेस त्यांनीं येतांना घाई करूं नये. वाटेंत कऱ्हाडास उतरावें. आम्हीही तेथें येऊं. एका शेडींत एक चासी उभी आहे आणि तिचें छप्पर अजून चढावयाचें आहे. तेथें उभें राहून त्यांनीं आपलें तें वाक्य त्या मिस्त्रीच्या तोंडावर एकदां उच्चारून पाहावें. आम्ही चहा सांगून ठेवूं.